चिमाचा शनिवार

फार वर्षांपूर्वी, केवडखारच्या बांधाला सिमेंट ठाऊक नव्हतं आणि खाडीला पूल ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावात चिमा नावाची एक पाथरवटीण राहत होती. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. बापामागं तिच्याकडे बापाची टाकी आली होती. टाकी म्हणजे दगड टोचायची पोलादी छिन्नी. दळून दळून जात्याची तळी, म्हणजे त्याचा गोल दगड, गुळगुळीत झाली की दाणा नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही. मग चिमाला बोलावणं यायचं. ती अंगणात फतकल मारून बसायची आणि टक् टक् टक् करत जात्याला नवे दात आणून द्यायची.

असं म्हणतात की चिमाची टाकी लागलेल्या जात्यावर बसलं की मुक्या बाईलाही ओवी सुचायची.

केवडखार हे खारीतलं गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि दोघींच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढायचं. बांध होता म्हणून गाव जेवत होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन पावसाळे तिथं भात धरत नाही, हे पोरांना बोलता येण्याआधी कळायचं.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी तेलीआळी. तिथं शनिवार तेली राहायचे. हे इस्राएल लोक, म्हणजे यहुदी. असं म्हणतात की फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं, आणि जे वाचले ते इथलेच झाले. त्यांची बोली मराठी, बायकांची लुगडी नऊवारी, जेवणात भात आणि नारळाचं कालवण. देव मात्र एकच, आणि तोही मूर्तीवाचून. शनिवारी त्यांचा घाणा बंद. बैल मोकळा, माणसं मोकळी. दारात लग्न असो की बाजारात भाव चढलेला असो, शनिवारी तेल मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असायचं, "आज शनिवार."

टेकडीवर त्यांचं कबरस्तान होतं. भोवती गडगा, म्हणजे हाताएवढ्या दगडगोट्यांची बुटकी भिंत, आत काळ्या दगडाच्या कबरी. कुणी गेलं की हसाजी तेली घडलेल्या दगडावर कोळशानं अक्षरं काढून द्यायचा, वर त्यांच्या हिब्रू भाषेतली, खाली मराठी, आणि चिमाचा बाप त्यांवरून टाकी चालवायचा. चिमा शेजारी बसून फुंकर मारून भुकटी उडवायची.

हसाजीची लेक हन्ना आणि चिमा एका वयाच्या. घाण्याचा बैल गोल फिरू लागला की दोघी मागच्या लाकडावर बसायच्या आणि गरगर फिरून घ्यायच्या. हसाजी ओरडायचा, "उतरा गं, बैलाला दोन दोन सवती नकोत." मग एका वर्षी तापाची साथ आली आणि हन्ना गेली. तिचा दगड लहानसाच होता. शेवटचं अक्षर चिमाच्या बापानं तिच्याच हातून कोरून घेतलं. चिमानं दगडावर कोरलेलं ते पहिलं अक्षर. जरासं वाकडं आलं. हसाजीची बायको मिल्काबाई म्हणाली, "असू दे. हन्नाला चालेल."

पुढं तेलीआळी रिकामी होऊ लागली. एक घर मुंबईला गेलं, मग दुसरं गेलं. मुंबईहून माणसं बोटीनं आपल्या मूळ देशाला निघाली. शेवटी हसाजी, मिल्काबाई आणि त्यांचा धाकटा बुनाजी एवढेच उरले, आणि तेही निघाले. सारा गाव धक्क्यावर आला. हसाजीनं गावचे पाटील कमळूबाबा यांचा हात धरला आणि म्हणाला, "पाटील, घर तुमचं, घाणा तुमचा. वरची माणसं तेवढी सांभाळा."

"हसाजी, तुमची माणसं ती आमची माणसं," पाटील म्हणाले. "निवांत जा."

मागं उभ्या असलेल्या पंचांनी माना हलवल्या. मान हलवायला काय लागतं. वाऱ्यानं माडही मान हलवतो.

मिल्काबाईनं पंचांना काही सांगितलं नाही. तिनं चिमाला बाजूला घेतलं, एक गुळगुळीत खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली.

"आमच्यात कबरीवर खडा ठेवतात, चिमा. माझी पोर आता एकटी राहणार. येता-जाता बघशील?"

"फुलं नेली तर?"

"फूल वाळतं. बोलणं वाळतं. खडा वाळत नाही."

होडी सुटली. पाटील घरी जाऊन जेवले आणि झोपले. चिमा टेकडी चढून गेली.

आता ऐका, चिमाची चूक कुठं झाली ते. शंकराचा सोमवार, खंडोबाचा रविवार, मारुतीचा शनिवार. ज्याचा जो वार त्या वारी त्याच्याकडे जावं, हे केवडखारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिमानं विचार केला, इस्राएलांचा वार शनिवार, तर इस्राएलांच्या माणसांना भेटायचं शनिवारीच. नाही म्हणून सांगायला गावात त्यांच्यातलं कुणी उरलंच नव्हतं. म्हणून ती दर शनिवारी जायची.

कोयत्यानं रान तोडायची. काथ्यानं दगडांवरचं शेवाळ घासायची. कललेला दगड पाठ लावून सरळ करायची. पावसानं झिजलेल्या अक्षरांवर हळूच टाकी फिरवायची, आणि निघताना प्रत्येक कबरीवर एक खडा ठेवायची. हन्नाच्या दगडाशी तिचं काम नेहमी शेवटी यायचं, म्हणजे तिथं बसायला वेळ मिळायचा. असं म्हणतात की तिची चाहूल लागली की कबरीवर ऊन खात पडलेला नाग उतरून बाजूला व्हायचा आणि ती गेल्यावर परत जागेवर यायचा.

गावाला मस्करीला विषय झाला.

"चिमे, मेलेल्यांच्या जात्याला टाकी लावतेस म्हणं. पीठ किती पडतं?"

"तुझ्या डोक्याला लावून बघू? आत दाणा असला तर पडेल."

पंच बांधावर बसून विड्या ओढायचे आणि ती कोयता घेऊन टेकडीकडे जाताना बघायचे. धक्क्यावर आपणही काही बोललो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, ते त्यांनाच माहीत.

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग भाद्रपदातली ती अमावस्या आली. सर्वपित्री, आणि वार शनिवार. भात पोटरीला आलेलं होतं. घरोघर पितरांसाठी वडे, खीर, घारगे झाले. केळीच्या पानांवर वाडी वाढून माणसांनी ती कौलांवर ठेवली आणि कावळ्यांना हाका मारायला सुरुवात केली. का का का, सगळ्या गावात एकच आवाज. पण कावळा येईना. पाटलांच्या कौलावर नाही, पुजाऱ्याच्या कौलावर नाही, कुठंच नाही. माणसं उपाशी बसून राहिली, कारण कावळा शिवल्याशिवाय घरातल्यांनी जेवायचं नसतं.

असं म्हणतात की त्या सकाळी खाडीकाठचे सगळे कावळे कबरस्तानाच्या गडग्यावर ओळीनं बसले होते, आणि एकही ओरडत नव्हता.

चिमा आत तण काढत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आज तुमची पंगत इथं कशी?" आणि कामाला लागली.

भर दुपारी उधाण आलं. खाडी फुगली, बांधाच्या डोक्याशी आली, आणि खेकड्यांनी पोखरलेल्या एका जागी बांध फुटला. बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खारं पाणी हिरव्या भातात घुसलं आणि खालची वावरं पांढरी दिसू लागली. सगळं गाव पानं तशीच टाकून धावलं. बरं, ओहोटी लागली म्हणून पाणी मागं सरलं, पण रात्री पुन्हा भरती येणार होती, आणि अमावस्येच्या रात्रीची भरती म्हणजे दुपारपेक्षा काकणभर जास्तच. तोवर खांड बुजली नाही तर वरची वावरंही जाणार. नुसती माती टिकणार नव्हती. दगड पाहिजे होता. दगडाची खाण खाडीपलीकडं, आणि ओहोटीत होड्या चिखलात रुतलेल्या.

"वर टेकडीवर घडीव दगड पडलेत की," कुणीतरी म्हणालं.

कोण म्हणालं ते केवडखारमध्ये आजवर कुणी सांगितलेलं नाही. अशी गोष्ट नेहमी कुणीतरी म्हटलेली असते.

पाटलांनी खांडीकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली. गडी पहारी घेऊन निघाले, मागं रिकाम्या बैलगाड्या, आणि सगळ्यांत पुढं कमळू पाटील.

शनिवार नसता तर वर कुणीच नसतं. पण शनिवार होता. कबरस्तानाच्या तोंडाशी हातात कोयता घेऊन चिमा उभी होती.

"चिमे, बाजूला हो," पाटील म्हणाले.

"कशापायी?"

"खांड पडली. दगड पायजेत. घरच्या माणसांची पोटं हायत."

चिमानं खाली बघितलं. टेकडीवरून सगळी खार दिसते. पाण्यानं चमकणारी वावरं दिसत होती, वर अजून कोरडा राहिलेला हिरवा पट्टा दिसत होता. त्या पट्ट्यातल्याच भातातून तिलाही जात्यामागं शेर-मापटं मिळायचं. पाटील खोटं बोलत नव्हते, आणि हेच अवघड होतं.

"मेलेल्यांना भात लागत नाय, चिमे," पाटील जरा खालच्या आवाजात म्हणाले. "जित्यांना लागतो."

"पाटीलबाबा, सकाळी वाडी ठेवलीत?"

"ठेवली."

"कावळा शिवला?"

तेव्हा कुठं माणसांनी गडग्याकडे बघितलं. कावळे बसलेले होते, एकाला एक लागून.

"शिवंल कसा?" चिमा म्हणाली. "सकाळी आपल्या पितरांना जेवायला हाका मारायच्या, आन दुपारी दुसऱ्याच्या पितरांच्या डोक्याखालची उशी काढायची. तुमचा घास खाईल कोण?"

"हे पितर तुझे नायत," मागून एक पंच म्हणाला.

"माझे नायत. पण शब्द तुमचा हाय. मी धक्क्यावर उभी होते. माझे कान शाबूत हायत."

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले.

"आन आज वार कंचा? उभ्या जन्मात या लोकांचा घाणा शनिवारी कुणी हलवला होता? तुम्ही तेलाचं भांडं घेऊन परत गेलात, नाय गेलात? मग आज त्यांचा दगडबी हलायचा नाय."

नाथा नावाचा एक दांडगा गडी होता. एका हातानं होडी ओढायचा. त्याला हे बोलणं लांबलं असं वाटलं. तो गडगा ओलांडून आत गेला आणि सगळ्यांत लहान दगड बघून त्याच्याखाली पहार घातली. तो हन्नाचा दगड होता. असं म्हणतात की नाथानं अंगातला सगळा जोर लावला, आणि वाकली ती पहार. दगडावरचा खडासुद्धा घरंगळला नाही. नाथानं वाकडी पहार हातात धरून बघितली आणि बाहेर येऊन उभा राहिला.

चिमानं चिखलाचे हात लुगड्याला पुसले. ती म्हणाली, "ही ओहोटी मला द्या. दगड मी देते. रात्रीच्या भरतीला आत पाणी आलं, तर उद्या सकाळी मीच इथले दगड उपटून देईन. पहिला हन्नाचा."

हन्नाचं नाव तिनं इतक्या वर्षांत गावात कुणापुढं काढलं नव्हतं. पाटलांनी तिच्याकडे बघितलं, मग उन्हाकडे बघितलं. "दे," ते म्हणाले. "पण दिवस मावळायच्या आत."

चिमा टेकडीवरून धावत खाली आली ती थेट आपल्या झोपडीत. तिच्या आईचं जातं कोपऱ्यात होतं. तिनं खुंटा उपटला, वरची तळी उभी केली आणि चाकासारखी गडगडवत गल्लीतून बांधाकडे चालवली. बायका दारात आल्या.

पाटलांची बायको सोनीबाय कमरेवर हात ठेवून उभी होती. "चिमे, याड लागलं?"

"जातं दे, वैनी."

"आन दळू कशावर?"

"खार बुडली तर दळशील काय? वाळू?"

सोनीबायनं कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "अगो, आमचं ऱ्हाऊ दे. गावात जातं उरलं नाय तर तू टाकी कशाला लावशील? तुझ्या पोटाचं काय?"

"ते मागाहून बघू."

चिमा पुढं गेली. तळी घरघर करत मातीवर चालली होती. सोनीबाय ती घरघर ऐकत राहिली. मग तिनं पदर खोचला, आत गेली, आणि लग्नात माहेरून आलेलं आपलं जातं ढकलत बाहेर आली. उंबऱ्यावर अडलं तेव्हा सुनेला म्हणाली, "बघतेस काय, लाव हात."

मग दुसऱ्या दारातून एक जातं आलं, मग तिसऱ्या. ज्या बायका पाण्याच्या हंड्यावरून भांडायच्या त्या एका तळीला दोन्हीकडून हात लावून चालल्या. जुनी जाती आली, नवी आली, फुटकी आली, सासूपासून लपवून ठेवलेली आली. सगळी केवडखार त्या दिवशी घरघरत बांधाकडे निघाली. ज्यानं कुणी पलीकडच्या काठावरून बघितलं त्याला वाटलं, ढग नाहीत तरी गडगडतंय कुठं.

खांडीपाशी ढीग पडला, पण गडी तळी पाण्यात टाकत तशी ती चिखलात घसरून जायची. कमळू पाटील काठावर उभे राहून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य या बांधावर गेलं होतं. त्यांनी एक तळी उचलून बघितली, तिच्या मधल्या भोकात, जिथून दाणे घालतात तिथं, बोटं घातली आणि ओरडले, "थांबा रं. माझ्या गोठ्याचे वासे काढून आणा."

वासे आले. गड्यांनी ते खांडीत चिखलात खोल ठोकले आणि एकेका वाशावर जात्याच्या तळ्या ओवल्या, दोऱ्यात मणी ओवतात तशा. आता त्या घसरेनात. मध्ये माती, पेंढा, शेण, पुन्हा माती. म्हाताऱ्यांना अक्कल असते, यात शंका नाही. फक्त ती वेळेवर बाहेर यायला कुणीतरी ढोसावं लागतं.

दिवस मावळता मावळता खांड बुजली. आणि त्याच घटकेला, कावळे घरट्याकडे परततात त्या वेळेला, टेकडीवरून काळा थवा उठला आणि गावावर उतरला. प्रत्येक कौलावरच्या प्रत्येक पानाला कावळा शिवला. दिवसभराची उपाशी माणसं तेव्हा जेवायला बसली. चिमा जेवली नाही. ती बांधावर बसून राहिली.

रात्री भरती आली. असं म्हणतात की तशी भरती त्याआधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. पाणी बांधाला भिडलं, आणि बांधाच्या पोटातून घरघर ऐकू येऊ लागली. जणू आत शंभर बायका दळायला बसल्या होत्या. पाणी येत होतं आणि दळलं जात होतं. सकाळी गावानं येऊन बघितलं तर बांधाच्या पायाशी ताज्या पिठासारखा पांढराशुभ्र फेस साठलेला, आणि आत वरची वावरं कोरडी.

चिमा उठली, तोंडावर पाणी मारलं, आणि घरी जाऊन झोपली.

त्या वर्षी केवडखारच्या बायका होडीत धान्य घालून पलीकडच्या गावात दळायला जायच्या. तिकडच्या बायका विचारायच्या, "तुमच्याकडं जाती नायत?" सोनीबाय सांगायची, "हायत की. आमची दर्यात दळतात." चिमाच्या टाकीला काम उरलं नाही. पण सुगी झाली तेव्हा एका सकाळी तिच्या दारात भाताची रास पडलेली होती. प्रत्येक बाई आपापली टोपली ओतून गेली होती. मग चिमानं टेकडीच्या पलीकडच्या अंगाचा दगड फोडून घरोघर नवी जाती घडवायला घेतली. त्यात तिची बरीच वर्षं गेली.

आणि कमळू पाटील? त्या अमावस्येनंतरच्या शनिवारी ते कोयता घेऊन टेकडीवर आले. एका कोपऱ्यात करवंदीची जाळी माजली होती, ती त्यांनी दुपारपर्यंत तोडली. माफी मागितली नाही. म्हातारी माणसं माफी मागत नाहीत, काटे तोडतात. पुढच्या शनिवारी नाथा आला आणि पडलेला गडगा रचू लागला. मग सोनीबाय आली, सुना आल्या, पोरं आली. केवडखारचा शनिवार टेकडीवर जाऊ लागला.

चिमाचे केस पांढरे झाले तेव्हा एका शुक्रवारी दुपारी एक परका माणूस धक्क्यावर उतरला आणि रात्री तिथंच राहिला. अंगात पँट-शर्ट, डोक्यावर छोटी गोल टोपी. शनिवारी सकाळी तो विचारत विचारत टेकडीवर आला आणि कबरस्तानाच्या तोंडाशी थांबला. आत सगळं गाव कामाला लागलेलं. कुणी झाडत होतं, कुणी दगड घासत होतं. तो बघतच राहिला. आत मात्र आला नाही. बाहेर मातीत बसला.

चिमानं त्याच्या हनुवटीकडे बघितलं. हसाजीची हनुवटी.

"बुनाजी?"

"हो, मावशी."

"मग बाहेर का बसलास? विलायतेला जाऊन पाय मोठे झाले? आत ये. तुझी बहीण तिकडं हाय."

"उद्या येतो."

"आज काय झालं?"

"आज शनिवार," बुनाजी म्हणाला.

चिमाला कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं, "आमच्यात शनिवारी कबरस्तानात जात नाहीत, मावशी. तो विसाव्याचा वार. आपलाही आणि त्यांचाही. त्या दिवशी तिथं काम करत नाहीत, रडतसुद्धा नाहीत."

चिमाच्या हातातला काथ्या खाली पडला. आत खराट्यांचा आवाज चालूच होता.

"म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी सगळ्यांची झोपमोड केली. आन वर गावालाबी घेऊन आले."

बुनाजीला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. सोनीबाय जवळच होती. तिनं खराटा टाकला आणि त्या अमावस्येची सगळी गोष्ट त्याला सांगितली, पहारी, कावळे, जाती, सगळी. बुनाजी ऐकत राहिला.

"तो शनिवार होता म्हणून तू इथं होतीस," तो शेवटी म्हणाला.

"हां."

"नसतीस तर?"

"तर हन्नाचा दगड बांधात गेला असता."

"मग बरं झालं तुला कुणी सांगितलं नाही." त्यानं टोपी सरळ केली. "आई जाईपर्यंत विचारायची, हन्नाकडे कोण जात असेल. मी म्हणायचो, कोण जाणार. आता तिला काय सांगू?"

"सांग, वाकडं अक्षर अजून तसंच हाय. मी सरळ केलं नाय."

मग चिमा उठली आणि आत जाऊन म्हणाली, "चला रे, सगळे बाहेर. आज सुट्टी." माणसं कोयते, खराटे घेऊन बाहेर आली. तिनं तोंडाशी बांबूचा अडसर लावला आणि बुनाजीच्या शेजारी येऊन बसली. पण तिला चैन पडेना.

"शनिवारी कुणीच नाय आलं, आन कुणी पहार घेऊन आलं तर?"

"आत जायचं नाही. काम करायचं नाही," बुनाजी म्हणाला. "बाहेर नुसतं बसायला कुणाची ना आहे?"

दोघं दिवस मावळेपर्यंत तिथं बसली. रविवारी सकाळी तिनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं, आणि मिल्काबाईनं दिलेला खडा दाखवला. तो हन्नाच्या दगडावर पहिल्या दिवशी ठेवला होता तिथंच होता.

पुढं चिमा गेली. असं म्हणतात की ती शनिवारी त्याच जागी बसलेली असताना गेली, आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण ती तशीही काही करत नव्हती. असंही म्हणतात की पावसाळ्यात टेकडीवरून कधी कधी टक् टक् ऐकू येतं आणि झिजलेलं एखादं अक्षर सकाळी पुन्हा ठळक दिसतं. आणि अमावस्येच्या उधाणाला बांधावर कान लावला तर आत दळण चालू असतं, हे तर केवडखारच्या कुणालाही विचारा.

बांधाला आता सिमेंट आहे. दळायला गिरणी आहे. पण सर्वपित्रीच्या आधीच्या रविवारी गाव टेकडीवर जातं, रान काढतं, दगड धुतं आणि घरून आणलेला एकेक खडा प्रत्येक कबरीवर ठेवतं. नवी सून गावात आली की तिचा पहिला खडा हन्नाच्या दगडावर. सर्वपित्रीला एक पान कबरस्तानाच्या तोंडाशी वाढतात, आणि त्या पानाला कावळा शिवेपर्यंत गावातलं कुणी ताटावर बसत नाही.

शनिवारी मात्र आत कुणी जात नाही. तोंडाशी एक जुनी जात्याची तळी आहे, बांधात जायची राहिलेली. दर शनिवारी पाळीपाळीनं एका घरचं माणूस त्या तळीवर जाऊन बसतं, हात मांडीवर ठेवून, सूर्य मावळेपर्यंत. तिथं मोबाईल बघत नाहीत, शेंगा सोलत नाहीत, विडीही ओढत नाहीत. पोरांची चुळबूळ होते, पण बसतात.

आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसानं विचारलं, इथं बसून काय करताय, तर उत्तर ठरलेलं आहे.

"आज शनिवार."